रिपोर्ट चांगला आहे, तरी दुखतंय

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, आरोग्यविषयक सत्रात १९८४च्या दहावीच्या तुकडीतील एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



आरोग्यावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘अरे, माझ्याच आरोग्याचे तीन तेरा वाजलेत, मी काय बोलणार?’’ उत्तर आलं, ‘‘म्हणूनच तू बोल.’’ तर बोलते. आधी एक सूचना. मी सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू शकत नाही आणि तेवढीच सलग उभीही राहू शकत नाही. त्यामुळे मधेच खुर्चीत बसेन, मधेच उठेन. बसले म्हणजे भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवू नका.

आपण सगळे आता सत्तावन्न-अठ्ठावन्नचे आहोत. काल रात्री जेवणानंतर ज्या गप्पा झाल्या त्यात निम्मा वेळ गुडघे, शुगर आणि मणके यांवर गेला. मणक्यातली गादी सरकलेले किमान चार जण तर मीच मोजले. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याबरोबर घरात राहणाऱ्यांसाठी मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. पण हे दुखणं अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे आणि त्याच्याविषयी मिळेल ते वाचलंय, डॉक्टरांना भंडावून सोडलंय.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी बाहेर येऊन डाव्या पायाकडे जाणारी नस दाबली गेली. कुल्ल्यापासून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ. आपण याला सायटिका म्हणतो. सहा महिने औषधं, व्यायाम, विश्रांती सगळं झालं, मग २०१४ साली ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ गेलेली होती. मी अक्षरशः रडले, आनंदानं. तिसऱ्या महिन्यात त्याच पायात वेगळंच काहीतरी सुरू झालं. पहिली कळ ओळखीची होती, ही नव्हती. पाऊल पेटल्यासारखं वाटायचं. अंगावरची चादर पायाला लागली तरी सहन व्हायची नाही. मधूनच विजेचा झटका बसावा तशी चमक निघायची. आणि गंमत म्हणजे त्याच करंगळीला टाचणी लावली तर ती बोथट लागायची.

पुन्हा एमआरआय झाला. नस मोकळी, गादी पुन्हा सरकलेली नाही, जंतुसंसर्ग नाही. सर्जननी फिल्म प्रकाशात धरली आणि म्हणाले, ‘‘रिपोर्ट अगदी चांगला आहे.’’ माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही. त्यांनी काम चोख केलं होतं आणि ते खरंच बोलत होते. अडचण पुढे सुरू झाली. रिपोर्ट चांगला म्हटल्यावर घरात, बँकेत, शेजारीपाजारी एकच प्रश्न उरतो: मग ही बाई अजून लंगडते कशाला?

या प्रश्नाचं जे उत्तर मला मिळालं, ते तुम्हाला सांगायचंय.

साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं दुखण्याचं एक चित्र मांडलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकात ते आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे. तिथून एक दोरा निघून मेंदूपर्यंत गेलाय. पायाला चटका बसला की दोरा ओढला जातो आणि वर घंटा वाजते. आपल्या शाळेत शिपाईमामा दोरी ओढायचे आणि घंटा व्हायची, तसंच. या चित्राचा अर्थ असा की घंटा वाजतेय म्हणजे कुणीतरी दोरी ओढतंय. कुणी ओढत नसेल, तर घंटा वाजूच शकत नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आजही हेच चित्र आहे. डॉक्टरांना दोरी ओढणारा सापडला नाही की आपण पेशंटकडे संशयानं बघतो.

पण हे चित्र अपुरं आहे, हे कळूनही आता खूप काळ लोटला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ज्या सैनिकांचे हातपाय कापावे लागले, त्यांतले अनेक जण नसलेला पाय दुखतो म्हणून सांगायचे. तिथल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं त्याची नोंद करून ठेवली. पायच नाही, तर दोरी कोण ओढणार? मग १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. खालून येणारे संदेश तिथे कधी अडवले जातात, कधी मोकळे सोडले जातात, आणि त्या फाटकावर मेंदूचाही हुकूम चालतो. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. नस बराच काळ दाबलेली राहिली, दुखावली, की ती स्वतःच संदेश सोडायला लागू शकते. वरची केंद्रंही इतकी हळवी होतात की साध्या स्पर्शाचा अर्थ आग असा लावतात. म्हणजे शाळा सुटली, शिपाईमामा घरी गेले, तरी घंटा वाजतेच आहे. बिघाड घंटेच्या यंत्रणेत आहे. आणि घंटेचा आवाज खराच आहे, तो ऐकणाऱ्याच्या मनाचा खेळ नाही.

हा बिघाड एमआरआयमध्ये का दिसत नाही? कारण एमआरआय आकार दाखवतो. गादी कुठे आहे, हाड कुठे आहे, नसेला जागा आहे की नाही. ती नस काय संदेश पाठवतेय, हे त्यात उमटत नाही. टेलिफोनच्या तारेचा फोटो काढला, तर त्यातलं बोलणं ऐकू येईल का?

याची उलट बाजूही ऐका, ती तुमच्या जास्त कामाची आहे. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या कमरेच्या सगळ्या गाद्या व्यवस्थित होत्या. बाकीच्यांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे फोटोत दोष आहे पण दुखत नाही, असं होतं. फोटो स्वच्छ आहे पण दुखतंय, असंही होतं. तेव्हा या वयात रिपोर्टवर ‘डिजनरेशन’ हा शब्द वाचून हातपाय गाळू नका. केस पांढरे होतात तशा गाद्याही जुन्या होतात.

माझ्यासारखे किती जण असतात? पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं राहतं किंवा परत येतं, असे शंभरात दहापासून चाळीसपर्यंत लोक वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलेत. एवढा मोठा फरक पडतो, कारण ऑपरेशनं निरनिराळी, पेशंट निरनिराळे आणि राहिलेलं दुखणं कशाला म्हणायचं तेही निरनिराळं. पूर्वी याला ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणत, म्हणजे फसलेल्या ऑपरेशनचा आजार. या नावानं सर्जनही दुखावायचे आणि पेशंटही खचायचा. २०२१ साली तज्ज्ञांनी ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ हे नाव सुचवलं. चिकटून राहिलेलं मणक्याचं दुखणं, एवढाच त्याचा अर्थ. कुणाची चूक, हे त्या नावात येत नाही. मला हे नाव कळलं त्या दिवशी दुखणं तेवढंच होतं, पण आपण एकट्या नाही आणि वेड्याही नाही, हे कळून बरं वाटलं.

आता बसते जरा.

माझं ऐकून कुणी ऑपरेशनला घाबरू नका. पायाची ताकद जात असेल, पाऊल उचलत नसेल, लघवी अडली असेल किंवा कळत नसेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे तेल लावून चार दिवस वाट बघायची नाही. उशिरानं कायमचं नुकसान होतं. बाकीच्यांनी डॉक्टरांशी नीट बोलून ठरवावं. ऑपरेशननं पायाची कळ जाण्याची शक्यता किती, नुसती कंबर दुखत असेल तर किती, आणि थांबलं तर काय होईल, हे तीन प्रश्न जरूर विचारा.

पुढचा मुद्दा शब्दांचा. आपल्या मराठी शाळेनं मला काय दिलं, असं काल कुणीतरी विचारलं. शब्द दिले. हसू नका, खरंच सांगते. मेलझॅकनं १९७५ साली पेशंटांसाठी एक प्रश्नावली काढली. त्यात दुखण्याचे ७८ शब्द आहेत, वीस गटांत लावलेले. मला वाटलं, आपल्याकडे काय कमी आहेत? ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. उसण भरते, पेटके येतात, मुंग्या येतात, जखम ठसठसते, अंग मोडून येतं. आणि डॉक्टरला जाऊन आपण काय सांगतो? ‘‘पाय दुखतोय.’’ फ्रान्समध्ये २००५ साली नसांचं दुखणं ओळखायला दहा मुद्द्यांची एक चाचणी तयार झाली. आग होते का, झोंबणारा गारवा वाटतो का, विजेसारखे झटके येतात का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, असे सात मुद्दे विचारायचे आणि तीन तपासून बघायचे. दहापैकी चार जुळले की नसांच्या दुखण्याचा संशय धरतात. म्हणजे तुमचा शब्द हाच इथे रिपोर्ट असतो. माझं दुखणं दुसऱ्या डॉक्टरांनी ओळखलं ते मी ‘आग’, ‘चादर’ आणि ‘बोथट टाचणी’ असं सांगितलं म्हणून. ‘‘तुमच्या या तीन शब्दांनी माझं अर्धं काम केलं,’’ असं ते म्हणाले.

ओळखण्याला महत्त्व अशासाठी की औषधं बदलतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नसतो आणि त्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. इथे दिली जातात ती औषधं मुळात फिट्सची किंवा नैराश्याची. चिठ्ठी घेऊन दुकानात गेले, तर दुकानदारानं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं! पण ती नसांचा गोंगाट कमी करतात म्हणून देतात. आणि त्यांच्याकडून अपेक्षा किती ठेवायची, तेही ऐका. २०१५ साली या औषधांचा एक मोठा आढावा छापून आला. अमिट्रिप्टिलिनच्या जातीची गोळी साधारण चार जणांनी घेतली, तर त्यांतल्या एकाचं दुखणं त्या गोळीमुळे निम्म्यावर येतं. प्रीगॅबालिनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण आठात एक आहे. शेजारणीला जी गोळी लागू पडली ती मला पडेलच असं नाही, याचं कारण हे. शिवाय झोप येणं, तोंड कोरडं पडणं, चक्कर, वजन वाढणं आहेच. डोस हळूहळू वाढवायचा आणि मनानं एकदम बंद करायचा नाही. मज्जारज्जूजवळ बसवायचं विजेचं यंत्रही निघालंय, त्याची सुरुवात १९६७ साली झाली. काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. खर्च काही लाखांत जातो. मी ते घेतलेलं नाही.

तज्ज्ञ लोक दुखणं ३० टक्क्यांनी कमी झालं तरी त्याला अर्थपूर्ण सुधारणा मानतात. आकडा ऐकून मी आधी चिडले. आपल्या शाळेत पस्तीसला पास, आणि इथे तीस? पण नंतर लक्षात आलं की या तीस टक्क्यांत रात्रीची झोप येते. झोप आली की सकाळी चालणं होतं. चालणं झालं की स्वयंपाक होतो, माणसांशी बोलणं होतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं दुप्पट लागतं, हे माझ्या वहीत वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे.

औषधापेक्षा मला जास्त उपयोगी पडलं ते हिशेबानं जगणं. बँकेतली आहे ना! नसांच्या दुखण्यातला नेहमीचा प्रकार असा: एक चांगला दिवस उगवतो, आपण खूश होतो, साठलेली सगळी कामं त्याच दिवशी काढतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतो. मग भीती बसते, हालचाल कमी होते, स्नायू सैल पडतात आणि पुढच्या वेळी त्याहून थोड्या कामानं दुखतं. फिजिओथेरपिस्टनं मला शिकवलं, की दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं. वाईट दिवशीही जेवढं जमेल तेवढंच चांगल्या दिवशी करायचं आणि ते दर आठवड्याला चिमूटभर वाढवायचं. मी चार मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. फोनवर गजर लावून, चार म्हणजे चारच. आज पस्तीस मिनिटं चालते. त्याला दोन वर्षं लागली. दिवाळीचा फराळ एका दिवसात होत नाही, सहा दिवस लागतात. चकलीचा सोऱ्या जाऊबाई दाबतात, मी तळते, उंच स्टुलावर बसून. सत्यनारायणाला पाटावर मांडी घालून बसत नाही, भटजींना आधीच सांगते, ते खुर्चीला हरकत घेत नाहीत. एसटीत चाकावरची आणि मागची सीट घेत नाही.

मनाचंही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. तिसऱ्या वर्षी एक काळ असा आला, की सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटायचं. दुखण्यापेक्षाही ते सिद्ध करत राहण्याचा थकवा जास्त होता. समुपदेशकाकडे जा म्हटल्यावर वाटलं, म्हणजे यांनाही हे मनाचंच वाटतं. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘तुमचं दुखणं पायातच आहे. मी त्याच्याभोवती साचलेल्या भीतीवर काम करणार.’’ आणि त्यांनी ते केलं. कुणाला अशी वेळ आली, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. २०२२पासून ती चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या. स्वतःला नाही लागला तर दुसऱ्याला लागेल.

उठते आता. शेवटचं बोलते, आणि ते तुम्हा न दुखणाऱ्यांसाठी आहे.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. म्हणून दुसऱ्याला कळूच शकत नाही असं धरून बसू नका. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपांत म्हटलं, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. एवढंच तुमच्याकडून हवंय. निर्गुडीचा शेक, लसणाचं तेल, अमुक गावचा मणके बसवणारा, साडेसातीची शांत, हे सगळं प्रेमापोटी सांगितलं जातं, मला माहीत आहे. पण प्रत्येक नव्या उपायाबरोबर तो न केल्याचा ठपका आमच्यावर येतो. ‘‘दिसतेस तर छान!’’ हेही कौतुकानंच म्हणतात. आम्ही ते ऐकतो असं: मग तक्रार कसली? त्याऐवजी ‘‘आज काय जमेल?’’ असं विचारा. माझ्या नवऱ्यानं एके दिवशी ‘‘बरं वाटतंय का?’’ हा प्रश्न सोडला आणि ‘‘आज किती मिनिटांची आहेस?’’ असं विचारायला लागला. त्यानंतर आमच्या घरातली निम्मी भांडणं मिटली. दहा मिनिटांची असले तर तो कुकर लावतो. चाळीसची असले तर आम्ही दोघं भाजी आणायला जातो.

आणि आपल्या ग्रुपसाठी एक मागणं. सहल ठरते, लग्न असतं, कुणाकडे डोहाळजेवण असतं. माझ्यासारखी माणसं तीनदा नाही म्हणतात, चौथ्यांदा आमंत्रणच येत नाही. बोलावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, ‘तिला त्रास कशाला’ असंच असतं. पण दुखण्यानं माणूस एकटा पडतो तो असा, एकेक आमंत्रण कमी होत होत. म्हणून ग्रुपवर कुणी ‘जमणार नाही’ लिहिलं, तर कारण विचारू नका आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. पाचव्यांदा बोलवा, दहाव्यांदा बोलवा. आमचे कोणते दिवस चांगले निघतील हे आम्हालाही आधी कळत नाही. त्यातला एखादा दिवस तुमच्या आमंत्रणावर येऊन पडतो. हा मेळावा माझ्यासाठी तसा पडला.

एवढं बोलून थांबते. आता टाळ्या वाजवायला हरकत नाही.